एका पाकिटातली दोन माणसं

तोंडावर सगळे त्यांना नुसतं 'ताई' म्हणत आणि पाठ वळली की 'कात्रणताई'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं त्यांना काही वाटत नसे. एका दैनिकाच्या कात्रण विभागात एकोणचाळीस वर्षं काढलेल्या बाईला कात्रणताई नाही म्हणायचं तर काय राजकन्या म्हणायचं?

विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबुडकी खोली. भिंतीपलीकडे छपाईची यंत्रं होती, त्यामुळे दुपारी पुरवण्या छापायला घेतल्या की ताईंच्या टेबलावरची काच बारीक थरथरायची. उरलेल्या तीन भिंतींना छतापर्यंत लोखंडी खण, खणांत खाकी पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात एक माणूस. मंत्री होते, गायिका होत्या, खुनी होते, खुनी समजून चुकून धरलेले होते, शंभरी गाठलेले होते आणि विहिरीतून मांजर काढलं म्हणून चार ओळींपुरते प्रसिद्ध झालेलेही होते. रोज सकाळी साडेआठला ताई अंकाच्या दोन प्रती घेऊन बसत. दोन अशासाठी, की एका बाजूची बातमी कापली तर पाठीमागच्या माणसाचे पाय कापले जातात. कात्री, डिंकाची बाटली, तारखेचा शिक्का आणि पेन्सिल एवढीच त्यांची हत्यारं.

आता या पाकिटांत कात्रण टाकणं म्हणजे ऐरागैरा कुणीही करील असं वाटतं. करून बघा. जगात एका नावाची माणसं कमी आहेत का? ताईंचा नियम होता: नाव, धंदा आणि रस्ता. तिन्ही जुळलं तर जुन्या पाकिटात, नाहीतर नवं पाकीट. तिन्ही जुळूनही मन खात असेल, तर कात्रणाच्या माथ्यावर पेन्सिलीनं बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचं, बातमीदाराला गाठून विचारायचं आणि खात्री झाली की ते खोडून शाईचा ठिपका द्यायचा. नवा बातमीदार हसला की त्या म्हणत, "छापून आलं म्हणून खरं असतं का रे? छापणारी तुझ्यासारखीच माणसं ना?"

सहा वर्षांपूर्वी हे सगळं यंत्रात गेलं. एका कंपनीची माणसं आली, तीन महिने पाकिटं उलगडून स्कॅन करत बसली आणि दैनिकाच्या वेबसाइटवर 'व्यक्तिपान' नावाची सोय सुरू झाली. नाव टाइप करा, त्या माणसाचं पाकीट पडद्यावर उघडतं, फोटो वर, बातम्या खाली. पहिल्या दिवशी ऑनलाइन विभागाच्या साहेबांनी ताईंना शेजारी बसवून कोपऱ्यावरच्या घड्याळजीचं नाव टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत घड्याळजी हजर, तीस वर्षांपूर्वीच्या मिशांसकट. ताई खुर्चीत मागे टेकल्या. एवढ्यासाठी त्यांना शिडी लावून चौथा खण उघडावा लागे, आणि इथं कुठल्याही देशात बसलेलं कुणीही माणूस तो खण एका बोटानं उघडत होतं. घरी जाऊन त्या दोन दिवस दुसरं काही बोलल्या नाहीत.

मग खासगी माहितीचा कायदा आला. साध्या शब्दांत सांगायचं तर, तुमच्याविषयी कुणी काय लिहून साठवलंय ते बघायचा तुम्हाला हक्क, चुकलेलं असेल तर दुरुस्त करून घ्यायचा हक्क, आणि काही बाबतींत पुसून टाका म्हणायचाही हक्क. वर्तमानपत्रांना बातमीपुरती सूट होती, पण ती कुठं संपते हे कायदा लिहिणाऱ्यांनाही नीट माहीत नसावं. कचेरीत हलकल्लोळ माजला. संपादकांनी दोन अग्रलेख लिहून तोंडसुख घेतलं, बातमीदार म्हणाले आता हवामानाच्याच बातम्या द्यायच्या, आणि येणारे अर्ज घ्यायचे कुणी, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना तळमजल्याकडे वळल्या.

ताईंनी ते काम मनापासून केलं. पहिला अर्ज एका कंत्राटदाराचा होता. त्याच्या पुलाची बातमी काढून टाकावी, त्यामुळे त्याला मनस्ताप होतो, असं त्यानं छान टाइप करून आणलं होतं.

"पूल पडला होता ना?" ताईंनी विचारलं.

"पडला होता. पण त्याला नऊ वर्षं झाली."

"मग आता उभा राहिलाय का?"

कंत्राटदार परत आला नाही.

आणि एका मंगळवारी अकराच्या सुमाराला दारातून आधी एक टोपी, मग एक वाकलेली मान आणि मग बराच वेळ एक माणूस आत आला. एवढा उंच माणूस त्या खोलीत कधी आला नसेल. साठीला टेकलेला, इस्त्रीचा खाकी शर्ट, हातात घडी घातलेला अर्ज.

"शाळेची बस चालवतो," तो म्हणाला. "या शाळेत अठरा वर्षं झाली, त्याआधी दुसऱ्या शाळेत सहा. पोरं मला जिराफकाका म्हणतात."

"बसा. पुसायचंय काय?"

"माझं पान."

ताईंनी नाव टाकलं. पान उघडलं. वर जिराफकाकांचा हसरा फोटो, हातात सुरक्षित चालकाचं प्रमाणपत्र. मध्ये त्यांनी शाळेसमोर पट्टे आखा म्हणून संपादकांना लिहिलेलं पत्र. आणि खाली बावीस वर्षांपूर्वीचा मथळा: मद्यधुंद चालकाने सात वर्षांच्या मुलीस चिरडले; तीन वर्षे सक्तमजुरी. नाव तेच. धंदा चालकाचाच. रस्ता तोच.

गेल्या आठवड्यात एका पालकानं सहज म्हणून नाव शोधलं होतं. संध्याकाळपर्यंत ते पान शाळेतल्या प्रत्येक आईबापाच्या फोनवर पोचलं. दुसऱ्या दिवशी बसची किल्ली काढून घेतली. येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी पालक समितीची बैठक होती आणि त्यात जिराफकाकांना ठेवायचं की काढायचं ते ठरणार होतं. पोलिसांचा दाखला त्यांनी मागितला होता, पण तिथंही नाव तेच आणि रस्ता तोच निघाल्यानं दोन महिन्यांनी या असं सांगितलं होतं. जुनी शाळा बंद पडून तिचे कागद रद्दीत गेले होते.

"हे तुम्ही?" ताईंनी मथळ्यावर बोट ठेवलं.

"नाही."

"मग कोण?"

जिराफकाकांनी टोपी हातात गोल फिरवली. "मी नाही, एवढंच मी सांगू शकतो."

अर्जात कारणाचा रकाना कोरा होता. तो भरायलाही ते तयार झाले नाहीत. ताईंना राग आला. खोटं बोलणारी माणसं भरभरून लिहितात असा त्यांचा अनुभव होता, पण न लिहिणाऱ्याचं करायचं काय?

कचेरीच्या वकीलसाहेबांना हा प्रश्न पडला नाही. "ताई, एकेक बातमी खरी आहे की नाही? आहे. बातमीला सूट आहे की नाही? आहे. आणि बाबा कारणही देत नाही. नामंजूर."

ताई मान डोलावून खाली आल्या, शिडी लावली आणि मूळ पाकीट काढलं. पडद्यावर बघून निकाल द्यायची त्यांना सवयच नव्हती. पिवळी पडलेली कोर्टाची बातमी त्यांनी टेबलावर पसरली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. कात्रणाच्या माथ्यावर, त्यांच्याच अक्षरात, पेन्सिलीचं एक बारीक प्रश्नचिन्ह होतं.

पडद्यावर ते नव्हतं.

त्यांनी खण ओढून हाताला येतील ती पाकिटं काढली. तासाभरात सात प्रश्नचिन्हं सापडली. पडद्यावर सातही कात्रणं स्वच्छ. स्कॅनवाल्या कंपनीला फोन केला तर तिथला माणूस उत्साहानं म्हणाला, "हो मॅडम, फिकट डाग आणि घाण आपोआप काढायची सोय होती. नमुने तुम्हीच पसंत केले होते, तुमची सही आहे."

सही होती. पन्नास नमुने ताईंनी भिंग लावून तपासले होते, छापलेलं अक्षर न् अक्षर. स्वतःच्या खुणा बघायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. आपल्या घराचा दरवाजा कुठल्या रंगाचा आहे हे आपण कधी बघतो का? त्यांना वाटायचं शंका त्यांच्या डोक्यात आहे, आणि ती तर कागदावर होती, आणि यंत्रानं ती घाण म्हणून झाडून टाकली होती.

त्यांच्या अंगावर काटा आला. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी होतं. तांदळाच्या दाण्याएवढी एक पेन्सिलीची खूण सोळा वर्षं एका माणसाला दुसऱ्या माणसापासून वेगळं धरून होती. ती पुसली गेली तेव्हा कुठं आवाज झाला नाही, कुणाला कळलं नाही, आणि दोन माणसं एक होऊन गेली. एवढं मोठं बळ आपल्या हातात होतं, आणि आपण डिंकानं बोटं चिकटतात म्हणून कुरकुरत होतो!

ताई राहत होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आपल्या थोरल्या नणंदेबरोबर. ताईंचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, नणंदेनं लग्नच केलं नव्हतं. ती गणिताची शिक्षिका होती, आता निवृत्त, पण जीभ अजून नोकरीत होती.

"वन्सं, माझ्या हातून एका माणसाचं वाटोळं झालंय," ताई चप्पल काढता काढता म्हणाल्या.

"एकोणचाळीस वर्षांत एकाचंच? मग चांगलं काम केलंत की वहिनी." पण ताईंचा चेहरा बघून वन्संनी शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "यंत्रानं खूण पुसली हे कबूल. पण बावीस वर्षं ती खूण तिथं का होती? विचारलं का नाहीत कुणाला?"

ताईंनी पुष्कळ आठवून बघितलं. घरात आजारपण नव्हतं, संप नव्हता, काही नव्हतं. "राहून गेलं," त्या म्हणाल्या.

"मग उद्या हेच सांगा. यंत्राचं नाव नंतर घ्या."

दुसऱ्या दिवशी संपादकांच्या खोलीत ताईंनी अगदी तेच सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, हे एक पान गुपचूप काढू आणि विषय संपवू. कबुली दिली तर शंभर दावे लागतील.

"अशी किती पाकिटं असतील?" संपादकांनी विचारलं.

"मोजलेली नाहीत. पण हजारांत असतील."

संपादक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हा माणूस तापट होता, कायद्याचं नाव काढलं की लाल व्हायचा. "मी दोन अग्रलेखांत लिहिलं, की हा कायदा खरी बातमी पुसायला निघालाय," ते म्हणाले. "आणि इथं आपण खऱ्या बातम्यांचं खोटं माणूस करून ठेवलंय. बातमीला सूट आहे वकीलसाहेब, पण हे पाकीट काही बातमी नव्हे. ते आपण जुळवलंय." त्यांनी त्याच दिवशी सगळी व्यक्तिपानं बंद करायला लावली आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर चूक छापली, कुणाचंही नाव न घेता.

एवढ्यानं जिराफकाकांचं काम झालं नव्हतं. पान बंद झालं तरी ते शंभर फोनांवर होतंच, आणि नाव नसलेली दिलगिरी कुणीही आपापल्या सोयीनं वाचतो. समितीला पुरावा हवा होता. ताईंनी त्यांना पुन्हा बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्वतःची चूक सांगितली. जिराफकाका रागावले नाहीत. ते पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघत राहिले.

"तो दुसरा कोण, तुम्हाला माहीत आहे ना?" ताईंनी विचारलं.

जिराफकाकांनी दार लागलंय ना ते बघून घेतलं. "आमच्याच रस्त्यावरचा. नाव तेच. तो ट्रक चालवायचा, मी बस. लोक मला थोरला म्हणायचे, त्याला धाकटा. शिक्षा भोगून आला तेव्हापासून त्यानं साधी सायकल हातात धरलेली नाही. कितीही लांब जायचं असो, चालत जातो. लाँड्रीत इस्त्री करतो. एक मुलगी आहे, शिकून नोकरीला लागलीय." त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "मी त्याचं नाव घेतलं की एका मिनिटात सुटतो. पण ताई, ती शंभर फोनांवाली माणसं संध्याकाळी त्याच्या दारात जातील. त्याच्यावर बोट दाखवून मी स्टिअरिंगवर बसू? मग त्या पोरांकडे आरशात बघू कसा?"

तीन भिंती भरून त्यांनी माणसं साठवली होती, त्यात पदकं मिळालेले होते, पुतळे उभारलेले होते, आणि एवढं मोठं माणूस त्यांनी कोर्टाच्या बातमीवर डकवून ठेवलं होतं. स्वतःची भाकरी जाताना माणूस दुसऱ्याची झाकली मूठ अशी सांभाळतो! ताईंनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

काम असं होतं. धाकटा तुरुंगात असताना थोरला बाहेर होता, हे कुणाचंही नाव न घेता दाखवायचं. शिक्षा लागली ती तारीख बातमीत होतीच, आणि अपील फेटाळल्याची बातमी सहा महिन्यांनंतरची, म्हणजे तो माणूस आतच होता. त्या तीन वर्षांतला जिराफकाकांचा एखादा छापील माग हवा होता. पाकिटात काही नव्हतं. तेव्हा उरल्या वर्षावर्षाच्या बांधीव फायली, दोन माणसांनी उचलायच्या, हजारावर अंक. बैठकीला आठ दिवस होते, त्यातले दोन सुट्टीचे. ताई सुट्टीच्या दिवशीही गेल्या आणि वन्संना बरोबर घेऊन गेल्या. वन्सं एक बाजू बघत, ताई दुसरी. नाव शोधायचं नाही, उंची शोधायची, असं ठरलं होतं. मिरवणुका, बाजार, बसथांबे, गर्दीतली डोकी. वन्संनी पहिल्याच दिवशी एक दिव्याचा खांब आणि दोन बास्केटबॉलपटू पकडून दिले.

बुधवारी दुपारी, बैठकीला एक दिवस उरला असताना, आतल्या पानावर एक मोठा फोटो आला. धुक्यातली सकाळ, शाळेचं फाटक, बस, आणि बसच्या दारात एक भलामोठा उंच माणूस वाकलेला. खांद्यावर भोकाड पसरलेलं एक पोर, दुसऱ्या हाताला लोंबकळणारी आणखी दोन. त्या माणसाचा चेहरा अगदी स्पष्ट होता. खाली एवढंच छापलं होतं: शाळेचा पहिला दिवस. छायाचित्रकाराला नाव विचारायची गरज वाटली नव्हती, आणि नाव नाही म्हणून ताईंनी तेव्हा ते कापलंही नव्हतं. तारीख शिक्षेनंतर चौदा महिन्यांची होती.

"वहिनी, श्वास घ्या," वन्सं म्हणाल्या.

गुरुवारी ताईंनी ती अख्खी फाइलच चादरीत बांधून, शिपायाच्या मदतीनं शाळेत नेली. छायाप्रतीवर कुणाचा विश्वास बसणार नव्हता, आणि बसू नये असंच त्यांना आता वाटत होतं. वर्गात पहिलीच्या बुटक्या बाकांवर अकरा पालक गुडघे वर करून बसले होते, समोर मुख्याध्यापिका, कोपऱ्यात भिंतीला टेकून जिराफकाका. ताईंनी आधी मूळ कात्रण दाखवलं, त्यावरची खूण दाखवली आणि स्वतःची चूक सांगितली. मग शिक्षेची बातमी, अपिलाची बातमी आणि शेवटी फोटो. फाइल हातोहात फिरली. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून फोटोकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असा दुसरा माणूस या गावात असला तर मला आणून दाखवा." थोडं हसू झालं. ताणलेल्या माना जरा सैलावल्या.

पण एक पालक हसले नाहीत. "मग तो दुसरा कोण? आम्हाला कळलंच पाहिजे. तो आसपास राहत असेल."

"ते मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या.

"तुम्ही वर्तमानपत्रवाले ना? आणि तुम्हीच लपवता?"

"लपवलेलं काहीच नाही. कोर्टात जे झालं ते आम्ही बावीस वर्षांपूर्वी छापलं. ही फाइल आमच्या कचेरीत आहे, कुणीही येऊन वाचावी. पण शिक्षा भोगून आल्यावर तो माणूस कुठं राहतो, काय करतो, ही बातमी नाही. ते त्याचं आहे. नव्या कायद्यानं मला हे सांगितलं असं मी म्हणाले असते, पण खरं सांगू? हे मला तुमच्या ड्रायव्हरनं शिकवलं. त्यांना नाव माहीत आहे. दोन आठवडे नोकरी गेलेली असताना त्यांनी ते तुमच्यापैकी एकालाही सांगितलेलं नाही."

अकराच्या अकरा माना कोपऱ्याकडे वळल्या आणि जिराफकाका जमिनीकडे बघत राहिले. मग जे हसले नव्हते ते पालक उठले, आपल्या फोनवरून ते पान काढून टाकलं आणि फोन शेजारच्याला दाखवला. सोमवारी सकाळी बस सुटली. ताई ती बघायला गेल्या नाहीत, त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हांचे अकरा हजार कागद होते आणि त्यांनी बातमीदारांना एकेक करून धरून आणायला सुरुवात केली होती.

तीन आठवड्यांनी दारातून पुन्हा ती मान वाकून आत आली. मागोमाग एक लहानखुरा माणूस आला. डोक्यावरचे केस पांढरे, तळहात वाफेनं सोलवटलेले, चपला झिजून कागदाएवढ्या पातळ झालेल्या. जिराफकाकांनी ओळख करून दिली नाही. ताईंना ती लागलीही नाही. बावीस वर्षं ज्या माणसाचा चेहरा त्यांच्याकडे नव्हता तो समोर उभा होता.

"यानं सगळं सांगितलं," धाकटा म्हणाला. "म्हणून आलो. अर्ज कसा लिहायचा मला कळत नाही."

ताईंनी खुर्ची पुढे केली. "अर्जाचं मी बघते. मी संपादकांशी बोलून ठेवलंय. बांधीव फाइल आहे तशी राहील, तिला कुणी हात लावणार नाही. पण ऑनलाइन बातमीत तुमच्या नावाच्या जागी 'एक चालक' एवढंच राहील. कुणी शोधलं तर तुम्ही सापडणार नाही. तुम्ही शिक्षा भोगलीय, तुम्हाला तो हक्क आहे."

तो बसला नाही. "माझं तुम्ही ठरवाल ते ठरवा. मुलीसाठी काढलंत तर उपकार होतील. मी दुसऱ्याच कामाला आलोय." त्यानं टेबलाची कड धरली. "हे यंत्र नाव काढतं तेव्हा एकच काढतं, का बातमीतली सगळी काढतं?"

"का?"

"त्यात त्या सात वर्षांच्या पोरीचं नाव आहे. ते काढू देऊ नका. तिची आई आधीच गेली होती, बापही मागच्या वर्षी गेला. मी अंत्ययात्रेच्या मागे लांबून चालत गेलो होतो. सख्खं असं कुणी उरलं नाही. आता ते नाव तुमच्या कागदावर आहे आणि माझ्याजवळ आहे. मी काही कायम पुरणार नाही."

भिंतीपलीकडे यंत्रं सुरू झाली आणि टेबलावरची काच थरथरायला लागली. कात्रण ताईंच्या समोरच उघडं होतं, नाव त्यांना दिसत होतं. तरीही त्यांनी विचारलं, "काय नाव तिचं?"

त्यानं चपला काढून ठेवल्या, सरळ उभा राहिला आणि नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, शाळेत हजेरी घेताना सांगतात तसं. जिराफकाकांनी टोपी काढली. ताई उठून उभ्या राहिल्या होत्या, कधी ते त्यांनाही कळलं नाही.

"राहील," त्या म्हणाल्या. "हे नाव मी कुणालाही काढू देणार नाही."